चौकोन लहान करून मिळणेबाबत

पाणी उताराकडे वाहतं असं शाळेत शिकवतात. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. पाणी आधी चौकोनात भरतं, चौकोनाची नोंद होते, नोंदीला मंजुरी मिळते, आणि मग ते उताराकडे जातं. मंजुरीच्या आधी जे काही वाहतं त्याला आमच्या कक्षात पाणी म्हणत नाहीत. त्याला 'अनिश्चितता' म्हणतात.

कक्षाचं पूर्ण नाव 'मावळ जलप्रवाह अंदाज व अनुकरण कक्ष (प्रायोगिक)'. तळेगाव दाभाड्यात स्टेशनजवळ, झेरॉक्सच्या दुकानावर दोन खोल्या. माणसं तीन. प्रमुख प्रदीप सर. ते याआधी वृक्षगणनेला होते, आणि झाडं जागची हलत नसल्यामुळे तिथं त्यांच्या कामात एकही चूक निघाली नव्हती. दुसरी उमेरा, तळेगावचीच, हा विषय कॉलेजात रीतसर शिकलेली (म्हणून तिला मीटिंगला कमी बोलावतात). तिसरा मी, सत्यम. मी बीकॉम. हे सगळं मी व्हिडिओ बघून शिकलो, दीडच्या स्पीडने. त्यामुळे काही गोष्टी मला घाईत कळल्यात, ते आधीच सांगून टाकतो.

काम सोपं आहे. पावसाळ्यात कुठल्या ओढ्याला किती पाणी येईल आणि ते कुठं तुंबेल, हे कॉम्प्युटरला आधी विचारायचं. कॉम्प्युटरला डोंगर कळत नाही. चौकोन कळतात. म्हणून मावळचे चौकोन पाडायचे, प्रत्येक चौकोनाला एक उंची द्यायची, वरून पाऊस सोडायचा आणि कुठल्या चौकोनातून कुठल्या चौकोनात किती पाणी गेलं ते मोजत बसायचं. चौकोन जेवढा लहान तेवढं उत्तर खरं. मोठ्या चौकोनात डोंगर, ओढा, घर, गोठा सगळं एकत्र येतं आणि त्याची सरासरी निघते. (पासपोर्ट फोटो फ्लेक्सवर मोठा करून छापला की माणूस ओळखू येत नाही. वाढदिवस मात्र साजरा होतो. तसंच.)

मग सगळेच चौकोन लहान का नाही करायचे?

केले. पहिल्या आठवड्यात मीच केले. कॉम्प्युटरने सांगितलं, यंदाच्या जुलैचा अंदाज पुढच्या वर्षीच्या दिवाळीत मिळेल. अंदाज म्हणून ते जरा उशिराचं होतं. आमचं मशीन एका वेळी चाळीस हजार चौकोन ओढतं. त्यावर एक जरी घातला तरी ते बंद पडतं, आणि वायरिंग एकच असल्यामुळे खालचं झेरॉक्सही.

म्हणून जगभर जी युक्ती करतात ती आम्ही केली. लवचीक जाळी. जिथं पाणी काहीतरी गडबड करतंय तिथले चौकोन फोडून लहान करायचे, जिथं शांत आहे तिथले चार जोडून एक मोठा करायचा. एकूण आकडा तोच. एकीकडे फोडला की दुसरीकडे जोडावा लागतो. म्हणजे लक्ष तेवढंच, फक्त नीट वाटायचं. मला वाटलं, काय न्याय्य गणित आहे. दीडच्या स्पीडमध्ये ते तसंच वाटतं.

गडबड कुठं आहे हे ओळखायची उमेराची एक पद्धत होती. शेजारशेजारच्या दोन चौकोनांत पाण्याची पातळी एकदम बदलत असेल, तर तिथलं उत्तर कच्चं आहे असं समजायचं आणि तिथं चौकोन फोडायचे. जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही तसंच केलं. चौकोन आपोआप ओढ्यांच्या कडेने गोळा व्हायला लागले, गुळाच्या ढेपेला मुंगळे लागतात तसे.

त्यातले नऊशे जाऊन नथू आबांच्या वस्तीवर बसले.

ही वस्ती पवनानगरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याला. एकतीस उंबरे. वस्तीला खेटून ओढा, आणि ओढा पुढे रस्त्याखालून जातो तिथं मोरी. मोरीत सिमेंटच्या दोन नळ्या, इतक्या बारक्या की त्यातून कुत्रंसुद्धा विचार करून जातं. पाऊस जोराचा झाला की नळ्यांत पाणी मावत नाही. ते मागे तुंबतं आणि पहिल्यांदा आबांच्या पडवीत येतं. गेल्या वर्षी पेरणीसाठी ठेवलेलं इंद्रायणी भाताचं बी पडवीत भिजलं आणि पोत्यातच उगवलं. (कृषी खात्याच्या नोंदीत ती लवकर झालेली पेरणी आहे.) मोरी मोजायला मी गेलो होतो तेव्हा टेपचं दुसरं टोक आबांनीच धरलं होतं. आबांचं मागणं एकच. दोन नळ्यांच्या जागी एक रुंद मोरी.

यंदा तालुक्यात मोऱ्या रुंद करायची यादी निघणार होती, आणि ती आमच्या नकाशावरून निघणार होती. २९ मे, संध्याकाळी पाच वाजता नकाशा गोठवायचा. त्या क्षणी जिथं लाल, म्हणजे पाणी तुंबणार, तिथं मोरी.

फेब्रुवारीत आबांची मोरी लालभडक होती. काळजी करण्यासारखं काहीच नव्हतं.

मार्चमध्ये नकाशा लोकांसाठी खुला झाला. आठ दिवसांत अनिता मॅडम ऑफिसला आल्या.

अनिता मॅडम लोणावळ्याच्या वरच्या टेकडीवरच्या 'निवांतशिखर फेज टू' या सोसायटीच्या सेक्रेटरी. अठ्ठेचाळीस बंगले, त्यातले एक्केचाळीस फक्त शनिवार-रविवारी उघडणारे. (फेज वन कुठं आहे ते त्यांनाही माहीत नाही.) टेकडीच्या टोकावर पाणी थांबत नाही, त्यामुळे आमच्या जाळीने अख्ख्या सोसायटीला मिळून एक चौकोन दिला होता. मॅडमनी त्याचा रंगीत प्रिंटआउट आणला होता.

"आमच्या अठ्ठेचाळीस बंगल्यांना मिळून एक चौकोन. आणि त्या कुठल्या वस्तीला नऊशे. हे कोणत्या बेसिसवर?"

उमेरा म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे पाणी थांबत नाही."

"थांबत नाही म्हणजे? आम्ही रीतसर परवानग्या घेतल्यात."

"तसं नाही. चौकोन मोठा असणं चांगलं असतं. म्हणजे धोका कमी."

"मग तो चांगला मोठा चौकोन त्यांना द्या," मॅडम म्हणाल्या. "आम्हाला त्यांचे लहान चालतील. आम्ही ॲडजस्ट करू."

इतका समजूतदार प्रस्ताव आमच्या कक्षात पहिल्यांदा आला होता. प्रदीप सरांनी लगेच मीटिंग घेतली. उमेराला त्या दिवशी बोलवावं लागलं, कारण प्रोजेक्टर तिलाच लावता येतो.

"चौकोन कुठं लहान करायचे?" सरांनी विचारलं.

"जिथं त्रुटी जास्त तिथं," उमेरा म्हणाली.

"त्रुटी म्हणजे?"

"खरं उत्तर आणि आपलं उत्तर, यातला फरक."

"खरं उत्तर आपल्याकडे आहे?"

"नाही सर. म्हणून तर आपण शेजारच्या चौकोनांमधला फरक बघून अंदाज..."

"शेजाऱ्यांमध्ये फरक काढायला गेलं की भांडणं होतात," सर म्हणाले. "खरं उत्तर आपल्याकडे नाही. तक्रार आपल्याकडे आहे. दिनांकासह."

उमेराने प्रोजेक्टर बंद केला. कॉलेजात हे शिकवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी परिपत्रक निघालं. ज्या ठिकाणी त्रुटी अधिक, त्या ठिकाणी चौकोन लहान करण्यात यावेत. त्रुटी म्हणजे प्राप्त तक्रार. ज्या ठिकाणाहून तक्रार नाही, त्या ठिकाणी त्रुटी शून्य समजून चौकोन जोडण्यात यावेत. आणि कोणी एकाच जागेवरून तक्रारींचा पाऊस पाडू नये (परिपत्रकात हाच शब्द होता) म्हणून एका चौकोनातून आठवड्याला एकच तक्रार ग्राह्य धरावी, बाकीच्या पुनरावृत्ती समजाव्यात.

शेवटचा मुद्दा ऐकायला एकदम रास्त वाटतो. मलाही वाटला. हे सगळं कोडमध्ये मीच घातलं. एका दुपारी, चहाच्या आधी.

आता गणित बघा. निवांतशिखरचा एक चौकोन, म्हणून पहिल्या आठवड्यात एक तक्रार ग्राह्य. चौकोन फुटला, चार झाले. दुसऱ्या आठवड्यात चार तक्रारी ग्राह्य, सोळा चौकोन. मग चौसष्ट. मग दोनशे छप्पन. मोबाईलवरून तक्रार टाकायचं काम सोसायटीने माळ्याला दिलं, झाडांना पाणी घालून झाल्यावर. तो गडी कामाचा होता, एकही चौकोन सोडायचा नाही. इकडे वस्तीवरून एकही तक्रार येत नव्हती, कारण वस्तीत नेटवर्क पाण्याच्या टाकीवर चढल्यावर एक कांडी येतं आणि टाकीवर चढून तक्रार करावी असं त्यांच्यावर काही आलं नव्हतं. पाणी जूनमध्ये येतं. मार्चमध्ये माणूस पाण्याची तक्रार करतो ती पाणी नसल्याची, आणि तो विभाग वेगळा आहे.

नऊशेचे दोनशे पंचवीस झाले. दोनशे पंचवीसचे छप्पन. मेच्या सुरुवातीला वस्तीला एक चौकोन उरला. तोही डोंगरासोबत भागीत.

त्याच सुमाराला निवांतशिखरकडे एकतीस हजार सहाशे चौकोन होते, त्यातले काही वीतभर. अचूकता इतकी वाढली की रहिवाशांना मोबाईलवर इशारे जायला लागले. 'कुंडी क्रमांक १७ (जास्वंद) मध्ये दुपारी ३.४० वाजता सव्वा सेंटीमीटर पाणी साचण्याची शक्यता. नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' स्विमिंग पूलमध्ये ऐंशी किलोच्या वरच्या पाहुण्याने उडी मारली तर लाट कुठल्या खुर्चीपर्यंत येईल तेही आम्ही सांगू शकत होतो. लोक समाधानी होतील असं वाटलं होतं. पण कुंडी क्रमांक १७ ला इशारा आणि १८ ला नाही, यावरून नव्या तक्रारी आल्या. त्याप्रमाणे चौकोन वाढवले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात नथू आबा ऑफिसला आले. पवनानगरपर्यंत जीप, तिथून एसटी, पुढे लोकल, असं करत. टोपी काढून पंख्याखाली बसले आणि म्हणाले, "सत्यम, मोरीचं काय झालं बग की. यादी लागायची व्हती न्हवं?"

मी नकाशा उघडला.

"आमचं घर कुटंय ह्यात?"

"हे आबा, हा निळा चौकोन."

"आन् डोंगर?"

"तोपण हाच."

"वढा?"

"तोपण."

आबांनी चष्मा पुसून परत बघितलं. "मंजी मी, म्हस, डोंगर आन् वढा, समदी एकाच जागी."

"सरासरी आहे आबा ती."

"मंग मी किती उंचावर हाय?"

मी आकडा काढला. "ओढ्यापासून बासष्ट मीटर वर."

आबांना बायको आठवली. "भामा रोज वढ्यावं धुणं घेऊन जाती," ते म्हणाले. "तिला सांगाया पायजे. लय खाली उतरती बिचारी."

तेवढ्यात प्रदीप सर बाहेर आले. वस्ती कुठली ते कळल्यावर त्यांनी आबांचे दोन्ही हात हातात घेतले. "काका, अभिनंदन. तुमच्याकडून एकही तक्रार नाही. अख्ख्या तालुक्यात सगळ्यात अचूक अंदाज तुमच्या वस्तीचा आहे." आणि कपाटातून काढून 'शून्य त्रुटी वस्ती' असं प्रमाणपत्र त्यांना दिलं. त्यावर गोल शिक्का होता.

आबांनी ते उलटंपालटं करून बघितलं. "ह्यो कागूद भिजतो का?"

"छे. लॅमिनेट केलाय."

"मंग बरं हाय," आबा म्हणाले. "तरंगल."

सर आत गेल्यावर आबा माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "सत्यम, औंदा बी ठेवायला माळा केलाय. बी वर जाईल. पर भामाचं गुडघं गेल्यात, तिला माळ्यावं कशी चढवू? मोरी व्हतीय का न्हाई तेवढं सांग."

मी म्हटलं, तक्रार करा आबा. सगळ्यांनी करा.

केली. दोन दिवस वस्तीतली माणसं एकामागून एक टाकीवर चढली आणि एकतीस तक्रारी झाल्या. वस्तीला चौकोन एक, त्यामुळे एक ग्राह्य, तीस पुनरावृत्ती. जी ग्राह्य झाली ती पडताळणीत गेली. पडताळणी चौकोनाच्या मध्यबिंदूवर होते. मध्यबिंदू डोंगराच्या खडकावर. उत्तर आलं: 'नमूद ठिकाणी वस्ती आढळून आली नाही. तक्रार निकाली.'

उमेराने सरांना लेखी दिलं, की वस्ती आणि डोंगर एकाच चौकोनात आहेत, हे बरोबर नाही. सरांनी शेरा मारला: 'एकोपा स्तुत्य.'

दरम्यान तक्रारी वाचायचा सरांना कंटाळा आला होता. म्हणून त्यांनी नवी सुधारणा आणली. आता तक्रारीचीही गरज नाही. नकाशावर लोक जी जागा मोठी करून बघतील, तिथं लोकांना रस आहे, म्हणून तिथं चौकोन आपोआप फुटतील. ज्या जागेकडे कोणी बघत नाही तिथले जोडले जातील. दर दोन मिनिटांनी.

"म्हणजे जिथं कोणी बघत नाही तिथं पाणी नाही," उमेरा म्हणाली.

"जिथं कोणी बघत नाही तिथं यंत्रणेवर ताण नाही," सर म्हणाले.

सुधारणेचा परिणाम दोन दिवसांत दिसला. उर्से टोलनाक्याला एकदम एकवीसशे चौकोन मिळाले. (रांगेत गाडी थांबली की माणूस मोबाईल काढतो, नकाशा उघडतो आणि आपण कुठं अडकलोय ते मोठं करून बघतो. पाण्याचा संबंध नाही, पण रस खरा आहे.) पवनेच्या काठच्या तंबूवाल्या कॅम्पना तीन हजार मिळाले. निवांतशिखरचे थोडे कमी झाले, त्यावर तिथं माळ्याला दुसरा मोबाईल घेऊन देण्यात आला.

पण मला यात एक फट दिसली. बघायला तर कोणीही बघू शकतं. बघण्यात पुनरावृत्ती नाही.

२९ मे. सकाळी दोन जीपा भरून वस्तीतली बावीस माणसं पवनानगरला आली, कारण नेटवर्क तिथं. मीही तळेगावहून गेलो. बावीस माणसांत मोबाईल नऊ. चहाच्या हॉटेलच्या बाकड्यांवर सगळ्यांना बसवलं, नकाशा उघडून दिला आणि सांगितलं, आपली मोरी शोधा, दोन बोटं ठेवा आणि पसरवा. सोडू नका. सोडलं की परत पसरवा.

पहिला तास काहीच झालं नाही. हॉटेलवाल्याने दोनदा विचारलं की कोणाचं लग्न जमतंय का. मग एकाचे चार झाले. डोंगर वेगळा झाला. भिकाजी म्हणून आबांचा धाकटा भाऊ आहे, तो म्हणाला, "दादा, आपुन डोंगरावनं खाली आलो." चाराचे सोळा झाले. ओढा निळ्या रेघेसारखा दिसायला लागला. भामाबाईंचं बोट सगळ्यात चांगलं चालत होतं. भाकरी थापल्यासारखा हात. त्या बोटं पसरवायच्या आणि तोंडाने मोजायच्या. भिकाजींचा मोबाईल तापून बंद पडला, तो त्यांनी माठाला टेकवून ठेवला. दुपारी तीनला दोनशे बारा चौकोन.

चार वाजून दहा मिनिटांनी मोरी दिसली. लाल. मागे तुंबलेलं पाणी एक मीटर चाळीस, आबांच्या पडवीत गुडघ्याच्या वर.

"आलं गं बाय पानी," भामाबाई म्हणाल्या, आणि बाकड्यावर टेकल्या.

आपल्या घरात पाणी शिरणार हे कळल्यावर इतका आनंद झालेली माणसं मी पहिल्यांदा बघितली. आबांनी सगळ्यांना चहा सांगितला. एक जण म्हणाला, गुडघ्याच्या वर म्हणजे नक्की किती वर ते बघा, कमी पडाया नको.

पन्नास मिनिटं राहिली होती. फक्त बोटं चालू ठेवायची होती.

आणि इथं मी एक केलं. मला वाईट काही करायचं नव्हतं. भामाबाई नकाशावर बोटं पसरवताना मी व्हिडिओ काढला होता, अठरा सेकंदांचा. मागे धरण, पुढे बाई, स्क्रीनवर पूर. फार छान आला होता. मी तो टाकला. खाली लिहिलं, 'या आज्जी बोटाने पूर शोधतात. आपला गाव वाचवायला तुम्हीपण या', आणि नकाशाची लिंक दिली. चार वाजून वीस मिनिटं.

साडेचारला चाळीस हजार लोकांनी बघितला. पावणेपाचला एक लाख साठ हजार. लोक खरंच चांगले असतात. हृदयं पाठवली. हात जोडले. 'डोळ्यांत पाणी आलं' असं अकराशे जणांनी लिहिलं. आज्जींच्या साडीची लिंक मिळेल का असं नऊ जणींनी विचारलं. आणि त्यातल्या बावन्न हजार जणांनी नकाशा उघडला.

नकाशा उघडून माणूस पहिल्यांदा काय बघतो?

बरोबर. कोणी लोणावळ्यातला फ्लॅट बघितला, कोणी कामशेतचा प्लॉट, कोणी शनिवारी बुक केलेला तंबू. तळेगावातल्या सोसायट्यांनी आपापलं पार्किंग बघितलं. मागून सगळी आकडेवारी काढली तेव्हा कळलं, व्हिडिओ बघून आलेल्या बावन्न हजारांपैकी वस्ती मोठी करून बघणारे तीन. एक उमेरा. दुसरा एक जण कॅम्प शोधता शोधता चुकून आला होता. तिसरा मी, आणि खरं सांगतो, त्याआधी मी आमचं घर बघून घेतलं होतं.

चार पन्नासला वस्तीचे दोनशे बारावरून चौसष्ट झाले. लाल जाऊन केशरी. भामाबाई नुसत्या पसरवत होत्या. "ह्ये आवळतंय रं," त्या म्हणाल्या, "मी पसरती तसं आवळतंय."

चार छप्पनला चार. मोरी गेली, ओढा गेला.

पाचला एक. निळा. नकाशा गोठला.

आबांनी मोबाईल खिशात ठेवला आणि मला विचारलं, "आता आमी परत डोंगरावं?"

व्हय, म्हटलं.

यादी जूनच्या पहिल्या आठवड्यात लागली. तालुक्यात चौदा मोऱ्या मंजूर, त्यातल्या अकरा निवांतशिखर फेज टूमध्ये, जिथं कुंड्या लाल दिसल्या होत्या. तिथं मोरी बांधायला ओढा नव्हता. तो वेगळ्या प्रस्तावाने मंजूर करून घेतला, आता खोदतायत. अनिता मॅडमनी खोदकामाच्या धुळीची तक्रार केली आहे.

जूनच्या शेवटी वस्तीत पाणी आलं. (नकाशानुसार आलं नाही.) आबांनी टाकीवर चढून मला फोन केला.

"सत्यम, पानी आलंय बरं का."

"किती आबा?"

"सरासरी सांगू का खरं?"

 मग त्यांनीच सांगितलं. पडवीत मांडीला लागतंय. बी माळ्यावर आहे, म्हैस रस्त्यावर बांधलीय. भामाबाईंना माळ्यावर चढता येत नाही म्हणून भिकाजी आणि ते, दोघांनी मिळून खाट पाटा-वरवंट्याच्या ओट्यावर चढवली आणि त्यांना वर बसवलं. "बसलीय," आबा म्हणाले. "मोबाईल मागती. मी म्हटलं आता कशाला, आता तर डोळ्यांनी दिसतंय."

कक्षाने चौकशी केली. निष्कर्ष असा, की सदर पाणी नकाशात नसल्याने ते कुठून आले हे सांगता येत नाही. उमेराने स्वतःच्या सहीने वेगळं मत जोडलं, पाच ओळींचं. त्यातल्या दोन ओळी झेरॉक्समध्ये कापल्या गेल्या. तरी त्यावरून एक गोष्ट झाली. पुरवणी यादी निघतेय. येत्या शनिवारी संध्याकाळी पाचला नकाशा पुन्हा गोठणार, आणि भामाबाई कालपासून पवनानगरला बहिणीकडे येऊन बसल्यात. सध्या चार चौकोन आहेत.

या वेळी मी व्हिडिओ टाकणार नाही. म्हणून हे लिहिलं. व्हिडिओ बघणारे लोक वेगळे, त्यांना अठरा सेकंद असतात. वाचणारा माणूस वेगळा. तो शेवटपर्यंत येतो, कोणाचं काय चुकलं ते त्याला बरोबर कळतं, अनिता मॅडमना हसतो, त्या बावन्न हजारांना तर जास्तच हसतो. मला तुमची दोनच बोटं पाहिजेत. नकाशा उघडा. तुमचं घर बघू नका, ते कोरडं आहे. वरच्या खणात वस्तीचं नाव टाका, मोरीवर बोटं ठेवा आणि पसरवा.

नाव आठवेना?

वर जाऊन शोधू नका, ते तिथं नाही. बंगल्यांच्या सोसायटीचं नाव मी फेजसकट लिहिलं, जास्वंदीच्या कुंडीचा नंबर लिहिला, आणि वस्तीला पहिल्यापासून नुसतं वस्ती म्हणत आलो. मुद्दाम नाही केलं. राहून गेलं. माझ्याही आत्ताच, हे टाइप करताना लक्षात आलं.

पण तुम्ही तर सगळं वाचत आलात. कुठं अडलं नाही तुमचं.